शेवटची पाच मिनिटं

१९७१ साली मायकल आणि रॉबर्टा फिंडले हे न्यूयॉर्कचं जोडपं अर्जेंटिनात गेलं आणि ‘स्लॉटर’ नावाचा सिनेमा करून आलं. मोटरसायकलवरच्या पोरी, त्यांना नादी लावणारा भोंदू गुरू, खून. सगळं अमेरिकेतल्या चार्ल्स मॅन्सनच्या खुनी टोळीवरून उचललेलं. खर्च जेमतेम ३० हजार डॉलर. नटांना इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून शूटिंग मुकं केलं आणि आवाज मागाहून भरले. ओठ एकीकडे, संवाद भलतीकडे. खरं सांगायचं तर सिनेमा रटाळ आहे.

वितरक ॲलन शॅकलटन यांच्याकडे तो पडून राहिला. १९७५ मध्ये अफवा पसरली, की दक्षिण अमेरिकेत कॅमेऱ्यासमोर खरे खून होतात आणि त्या फिती अमेरिकेत विकल्या जातात. शॅकलटन यांनी संधी हेरली. सायमन नुख्तर यांच्याकडून मॅनहॅटनमध्ये नवा शेवट चित्रित करून घेतला, श्रेयनामावली कापून टाकली आणि नाव ठेवलं ‘स्नफ’, म्हणजे खरा खून टिपलेली फीत.

हा शेवट नीट पाहा. कथा मध्येच थांबते, सेटवरची माणसं दिसू लागतात आणि दिग्दर्शक युनिटमधल्याच एका मुलीला ‘मारतो’. हे सगळं अवचित घडलं असेल, तर कॅमेरा एकाच जागी हवा. इथे लांबून, जवळून, पुन्हा वेगळ्या बाजूने असे शॉट आहेत. नकली हात लागतो, नेमका तेव्हाच क्लोजअप येतो.

मग पडदा काळा होतो. रीळ संपलं, असं कुणीतरी म्हणतं. इथेच चोरी उघडी पडते. कॅमेऱ्यातली फिल्म संपली की चित्र संपतं. पुढे काळं काही उरत नाही. आवाजाची टेप वेगळी चालते, हे खरं. पण तो आवाज पडद्यापर्यंत यायचा, तर एडिटिंग टेबलावर कुणीतरी बसून त्याखाली काळी फीत जोडावी लागते. मुडद्याशेजारून पळणारा माणूस एवढी निगुतीने जोडकाम करत नाही!

पण थिएटरात बसून हा हिशेब कोण करणार? नावं न दाखवता दिवे लागले, तिथेच निम्मं काम झालं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये सिनेमा टाइम्स स्क्वेअरच्या नॅशनल थिएटरात लागला. जीव जिथे स्वस्त आहे त्या दक्षिण अमेरिकेतच असा सिनेमा होऊ शकतो, अशी पोस्टरवर बढाई होती. शॅकलटन यांनी पैसे देऊन खोटे निदर्शकही उभे केले. पाठोपाठ खऱ्या स्त्रीवादी कार्यकर्त्या फलक घेऊन आल्या. त्यांचा राग अस्सल होता. खून खोटा असला, तरी बाईचं मरण तिकीट लावून विकलं जात होतं, हा त्यांचा मुद्दा कसा खोडणार? दारातल्या गर्दीचा फायदा मात्र गल्ल्यालाच झाला.

सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेंथाऊ यांनी चौकशी लावली. पोलिसांनी ती ‘मेलेली’ नटी शोधून काढली. धडधाकट होती, न्यूयॉर्कमध्येच.