मीटर नेमकं काय मोजतो?

मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज, प्रवाह आणि रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मोजणारं उपकरण. त्याचे दोन प्रोब, म्हणजे तारांची धातूची टोकं, दोन हातांच्या चिमटीत धरली, की बहुतेक वेळा काही लाख ओहमचा आकडा दिसतो. चिमूट घट्ट केली की तो झपाट्याने उतरतो, बोटं ओली केली तर आणखी. प्रोबची अदलाबदल केली तरी कधीकधी वेगळाच आकडा येतो. शरीर तर तेच आहे! मग आपण मोजलं काय?

मुख्यतः कातडी मोजली. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा कोरडा थर वीज सहजी जाऊ देत नाही. आत मात्र क्षारयुक्त द्रव आहे. हातापासून हातापर्यंतचा आतला रोध काही शे ओहमच, समजा पाचशे, भरतो. लाखांच्या आकड्यात हे पाचशे कुठे शोधणार?

त्यासाठी चार इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकवायचे वीजवाहक तुकडे, एका ओळीत लागतात. बाहेरच्या दोघांतून ठरावीक प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघांमधलं व्होल्टेज वाचायचं. व्होल्टेज वाचणारं सर्किट स्वतः जवळपास प्रवाह ओढत नाही, त्यामुळे आतल्या इलेक्ट्रोडखालच्या कातडीचा अडथळा हिशेबात येत नाही. अर्धा मिलिअँपिअर सोडला आणि २५० मिलिव्होल्ट आले, तर रोध ५०० ओहम. प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा (एसी), हवा. एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होऊन त्यांचं स्वतःचं व्होल्टेज तयार होतं; प्रोब बदलल्यावर आकडा बदलतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. अशा उपकरणांत ५० किलोहर्ट्झ ही वारंवारता नेहमी दिसते. कमी वारंवारतेला प्रवाह पेशींना वळसा घालून जातो, वाढवली की पेशीपटलातून आरपार जाऊ लागतो. म्हणून वारंवारता न सांगता नुसता आकडा सांगितला, तर त्याला फारसा अर्थ नाही. (उपकरण बॅटरीवरचंच हवं. घरच्या विजेशी असले खेळ नकोत.)

आता पडताळणी. माणसाच्या जागी आधी माहीत असलेला ५०० ओहमचा रेझिस्टर लावा. तिथेच आकडा चुकत असेल तर पुढे जाण्यात हशील नाही. हे न केल्यामुळे काय होतं, त्याचा एक नमुना पाहा. ‘अर्थिंग’च्या, म्हणजे अर्थला (जमिनीशी) जोडलेल्या चादरींनी झोप सुधारते, असं त्या विकणारे सांगतात. दाखवण्यासाठी ते एसी व्होल्टमीटरचा एक प्रोब अर्थला लावतात, दुसरा तुमच्या हातात देतात. एक-दोन व्होल्ट दिसतात. चादरीला हात लावला की शून्य! दिसतं ते खरंच आहे. आसपासच्या तारांमुळे शरीरावर ते व्होल्टेज येतं आणि अर्थला जोडताच जातं. पण माणसाऐवजी प्लास्टिकच्या स्टुलावर धातूचा मोठा पत्रा ठेवला, तरी तसंच होईल. पत्र्याची झोप सुधारली, असं कोणी म्हणणार नाही.

चादरीने झोप सुधारते का, हे बघायचं तर हुबेहूब दिसणारी पण अर्थला न जोडलेली चादरही हवी. कोणाला कुठली दिली, हे झोपणाऱ्यालाही कळू नये आणि नोंद घेणाऱ्यालाही.

शरीरातली चरबी दाखवणाऱ्या वजनकाट्यातही चार इलेक्ट्रोडची हीच पद्धत असते. साध्या काट्यात ते चारही पायांखाली असतात. प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. म्हणून कमरेच्या वरच्या भागातल्या चरबीचा आकडा उंची, वय, लिंग आणि वजन घालून सूत्राने काढलेला असतो.