डावीकडे आठ, उजवीकडे चार

पुण्यातला अप्पा बळवंत चौक. दुकानं उघडायच्या आधी टेम्पोतून गठ्ठे उतरतायत, इंजिनिअरिंगचीच पुस्तकं जास्त, पण ती घेणारी पोरं आता इथे यायच्या आधी मोबाईलवर बघून येतात, नाहीतर येतच नाहीत, टेलिग्रामवर पीडीएफ शोधत बसतात.

अशाच एका प्रकाशकाचं इन्स्टा मी सांभाळतो. आधी काय टाकायचो? कव्हरचा फोटो, आजच खरेदी करा, पाडव्याच्या शुभेच्छा. लाईक कोणाचे, तर आमचेच लेखक आणि प्रेसवाले.

मग सणांचं कॅलेंडर काढून टाकलं आणि विद्यापीठाचं परीक्षेचं टाइमटेबल भिंतीला चिकटवलं. एन्ड-सेमचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, 70 मार्क डोक्यावर असताना आदल्या रात्री कोणी पुस्तक घेत नाही, त्याला फक्त एक गणित सुटायला हवं असतं, म्हणून त्या रात्री जाहिरात नाही, गणित. पुस्तक घेतात ते सेम सुरू होताना, आणि तेव्हा प्रश्न एकच, हे 2019 पॅटर्नचं, म्हणजे तेव्हाच्या अभ्यासक्रमाचं, का 2024 चं? ते आता पोस्टच्या पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात.

शूटिंग म्हणजे काय, तर टेबल लॅम्प, स्टँडला मोबाईल, कॅमेऱ्यात फक्त हात. एकदा मेकॅनिक्सचं घेतलं. 6 मीटरचा बीम, म्हणजे आडवी तुळई, दोन्ही टोकांना सपोर्ट, डाव्या टोकापासून 2 मीटरवर 12 किलोन्यूटनचा लोड. कुठल्या सपोर्टवर किती भार? उत्तर लिहिलं डावीकडे 4, उजवीकडे 8. अपलोड केलं आणि झोपलो.

सकाळी पहिलीच कमेंट एका मुलीची, "सर लोड डावीकडे आहे ना, मग जास्त भार डाव्या सपोर्टवर येणार, उलटं लिहिलंय तुम्ही."

बरोबर होतं तिचं. मालक म्हणाले डिलीट कर, नाव जाईल. मी नाही केलं. तिची कमेंट पिन केली आणि दुसरं रील टाकलं, डाव्या टोकाभोवती मोमेंट घ्या, म्हणजे भार गुणिले अंतर, 12 गुणिले 2 म्हणजे 24, भागिले 6, उजवीकडे 4, उरले 8 ते डावीकडे.

तेव्हापासून पोरं आमच्या पुस्तकांतल्या चुकांचे फोटो पाठवतात, पान नंबरासकट. झोंबतं हो, पण छापील शुद्धिपत्रक उघडून बघतं कोण? आता दर शनिवारी त्या चुका दुरुस्त करून टाकतो, तीच यादी पुढच्या आवृत्तीसाठी पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जाते. मालकांचं तोंड अजून वाकडंच, पण शनिवारी चप्पल काढता काढता आधी विचारतात, "काय रे, आज किती निघाल्या?"