चार साप, एकच बाटली

(दृश्य : भातखाचरं, लावणी चालू)

पाऊस धरला की लावणी सुरू होते, आणि ग्रामीण रुग्णालयांत पान लागलेले, म्हणजे साप चावलेले, पेशंट येऊ लागतात. २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने भारतात सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० सालच्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली.

पेशंटला आधी भगताकडे नेलं म्हणून आपण गावाला बोल लावतो. तो लावायलाही हवा. पण वेळेत दवाखान्यात पोचलेल्याला तरी आपण नेमकं काय देतो?

(दृश्य : प्रतिविषाची बाटली, जवळून)

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांवर मिळून हे एकच औषध. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निकामी करणारी प्रथिनं, काढून शुद्ध करायची. ही मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. त्यासाठी लागणारं बहुतेक विष येतं तामिळनाडूतून, चेन्नईजवळच्या इरुळा सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून. हे लोक आपल्या कामात वाकबगार आहेत, प्रश्न त्यांच्या कामाचा नाही. प्रश्न असा, की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे तपासून दाखवलं आहे. काही प्रदेशांतल्या विषांपुढे बाजारातली प्रतिविषं तोकडी पडली. आणि सह्याद्रीतला चापडा हा विषारी साप तर या चौघांत बसतच नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे प्रतिविषच नाही.

आता मात्रा. सुरुवातीला साधारण १० बाटल्या द्यायच्या. हा आकडा कुठून आला? घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं धरलं आहे. एक मिलिलिटर प्रतिविष तिचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, तेही उंदरांवरच्या चाचणीत. एका बाटलीत १० मिलिलिटर, म्हणजे १० बाटल्यांत ६० मिलिग्रॅमचा हिशोब. लहान मुलालाही तेवढ्याच बाटल्या, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे तर्काला धरून आहे. पण वीतभर फुरशालाही घोणशीचंच माप का, याचं पक्कं उत्तर द्यायला माणसांवरच्या मोठ्या चाचण्या हव्यात. आपल्याकडे झाल्या त्या मोजक्या आणि लहान.

(दृश्य : रात्र, जमिनीवर अंथरलेल्या वाकळा)

मण्यारीची गोष्ट आणखी अवघड. ती रात्री झोपेत चावते. दुखत नाही, दातांचे व्रणही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. तोवर विषाने मज्जातंतूंची टोकं निकामी केली असतील, तर प्रतिविष ती दुरुस्त करत नाही. मग श्वास चालू ठेवायला व्हेंटिलेटर लागतो, आणि तो बहुधा जिल्ह्याच्या गावी असतो.

कोणता साप चावला हे सांगणारी साधी चाचणी इथल्या डॉक्टरच्या हाताशी नाही. एक काचेची नळी आहे. काचेचीच, प्लॅस्टिकची चालत नाही. तिच्यात रक्त घालून २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं असावं. नाग-मण्यारीबद्दल नळी काहीच सांगत नाही.

जगलेल्यांचं पुढे काय होतं, ते तर कोणी नीट मोजतच नाही. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडं जातात. क्वचित मेंदूखालची, संप्रेरकं सोडणारी पियूष ग्रंथी निकामी होते, आणि महिनोन्‌महिने येणारा थकवा त्या दंशामुळे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा केंद्राचा २०२४ चा आराखडा आहे. त्याच वर्षी, प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा, असंही केंद्राने राज्यांना सांगितलं. मोजणीची ही सुरुवात खरं तर फार आधी व्हायला हवी होती.

(दृश्य : प्रयोगशाळा)

नवं काही येतंय का? व्हारेस्प्लॅडिब नावाचं, तोंडावाटे घेता येणारं औषध भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. मुख्य निकषावर ठळक फरक दिसला नाही. ती चाचणी रुग्णालयात पोचलेल्यांवर होती. गोळीची खरी गरज आहे ती बांधावर, गाडीची वाट बघणाऱ्याला. तिथे ती किती उपयोगी पडेल, हे त्या चाचणीतून कळलेलं नाही.