छपरातून सोडलेली बाज

(पडदा काळा. लाकडी दार बंद होण्याचा आवाज. दगडी फरशीवर पावलं.)

जर्मनीतलं एरफुर्ट शहर. सोळाव्या शतकाची सुरुवात. ऑगस्टिनियन संन्याशांच्या मठात एक तरुण संन्यासी पापनिवेदनाला बसलाय. इतरांचं थोडक्यात आटपतं, याचं आटपत नाही. एकदा तर सलग सहा तास चाललं, असं सांगतात. ऐकणारे धर्मगुरू थकून जायचे. हा उठून बाहेर जायचा आणि त्याला पुन्हा धास्ती वाटायची, की एखादं पाप सांगायचं राहून तर गेलं नाही?

मार्टिन ल्यूथर हे त्याचं नाव. 1505 साली तो मठात आला होता.

त्याची अडचण आपल्याला वाटते तेवढी विचित्र नाही. क्षमा हवी तर पाप कबूल केलं पाहिजे, हे त्याला मान्य होतं. पण आठवलंच नाही तर? आणि आठवलं, तरी आपल्याला होणारा पश्चात्ताप खरा कशावरून? देवाला दुखावल्याचं दुःख आहे, की नुसती नरकाची भीती? मनाच्या तळाशी जाऊन हे कोण तपासणार? तो तपासत राहिला, आणि जितका खोल गेला तितका तळ खाली सरकत गेला.

त्याच्या संन्यासी संघाचे वरिष्ठ स्टाउपिट्झ त्याला एक गोष्ट सांगत. स्वतःकडे बघणं सोड, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ.

(दृश्य बदलतं. गालील समुद्राचा उत्तर किनारा. काळ्या दगडाच्या, गुडघाभर उरलेल्या भिंती.)

हे कफर्णहूम, येशूच्या काळातलं एक गाव. काळ्या बेसाल्ट दगडांची घरं, एकमेकांना खेटून. भिंती दगडी, पण छप्पर हलकं. आडवे वासे, त्यावर फांद्या आणि वर मातीचा थर.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायातली घटना इथली. येशू घरात बोलतोय आणि दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. चौघेजण पक्षाघात झालेल्या एका माणसाला बाजेवर घालून आणतात. गर्दी हटत नाही, म्हणून ते वर चढतात. मार्क इथे जे क्रियापद वापरतो त्याचा अर्थ आहे खणणं. म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असणार. दुसरा शुभवर्तमानकार लूक हीच गोष्ट सांगताना कौलं काढली असं म्हणतो. त्याच्या वाचकांना तशी छपरं ओळखीची असावीत.

बाज खाली येते. मार्क लिहितो, ‘त्यांचा विश्वास पाहून’ येशू त्या माणसाला म्हणाला, “मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.”

‘त्यांचा’ हा शब्द जरा थांबून ऐका. बाजेवरच्या माणसानं तोंडातून एक शब्द काढलेला नाही. त्यानं पापं सांगितली नाहीत, क्षमा मागितली नाही. पुढे तो चालू लागतो तेव्हाही त्याचं एकही वाक्य नोंदलेलं नाही. आणि विश्वास दिसला तो कुठे? मातीनं भरलेल्या हातांत आणि दोर धरणाऱ्या खांद्यांत. त्या चौघांत याचाही विश्वास धरला असेल, असं अनेक भाष्यकार म्हणतात. असेलही. पण मार्कनं त्याच्या मनात डोकावून पाहिलेलं नाही, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार, मात्र मनात कुरकुरतात की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न अगदी रास्त आहे. ख्रिस्ती विश्वास उभा आहे तो नेमका याच प्रश्नावर. क्षमा करण्याचा अधिकार या माणसाला आहे, हे मान्य करणं म्हणजे तो विश्वास.

(दृश्य : भोजनाची बैठक. जमिनीवर सांडलेलं सुगंधी तेल.)

लूकच्या सातव्या अध्यायातली स्त्रीही बोलत नाही. शिमोन नावाच्या परूश्यानं, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या माणसानं, येशूला जेवायला बोलावलंय. गावात पापी म्हणून ओळखली जाणारी ही बाई सुगंधी तेलाची कुपी घेऊन आत येते, येशूच्या पायांशी रडते, केसांनी ते पाय पुसते. यजमान मनात नाक मुरडतो. तेव्हा येशू त्याला दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगतो. एकाचं देणं 500 दीनार, दुसऱ्याचं 50. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. फेडायला दोघांपाशीही काही नव्हतं, म्हणून सावकारानं दोघांनाही सोडलं. मग जास्त प्रेम कोण करील?

या बाईवरून नंतर पुष्कळ वाद झाले. तिनं प्रेम केलं म्हणून क्षमा मिळाली, की क्षमा मिळाली म्हणून ती इतकं प्रेम करते? येशूच्या तोंडचं एक वाक्य दोन्हीकडे ओढता येतं. ऋणकऱ्यांची गोष्ट मात्र एकाच बाजूला झुकते. आधी कर्ज सुटतं, प्रेम मागाहून येतं. आणि तिला निरोप देताना येशू प्रेमाचं नाव घेत नाही. तो म्हणतो, “तुझ्या विश्वासानं तुला तारलं आहे. शांतीनं जा.”

येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही हीच हिशेबाची भाषा आहे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ रविवारी प्रार्थनेत हे इतक्या सवयीनं म्हटलं जातं की त्यातलं ‘सोड’ कानात शिरतच नाही. क्षमेसाठी नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, येणारा ग्रीक शब्द, आफेसिस, याचा अर्थही सोडणं, मोकळं करणं असाच आहे.

(दृश्य : हिब्रू अक्षरांचं गुंडाळी-पुस्तक, बोट उजवीकडून डावीकडे सरकतंय.)

मग विश्वास म्हणजे काय? बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे एमुना. ‘आमेन’ याच धातूतून आला. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेक या शत्रूशी लढाई चालू असते. त्यांचा नेता मोशे याचे हात वर असले की इस्राएल जिंकतो, खाली आले की हरतो. हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून ठेवतात, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर राहिले.

ते स्थिर राहिले दुसऱ्यांच्या आधारानं. कफर्णहूमची बाज इथे पुन्हा आठवते.

हाच शब्द हबक्कूक संदेष्टा वापरतो की नीतिमान आपल्या विश्वासानं जगेल. येशूचा प्रेषित पौल ते वाक्य उचलून रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात ठेवतो. चौथ्या अध्यायात तो इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याला साक्षीला आणतो. अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून मोजण्यात आलं. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, पौल म्हणतो, ती मेहेरबानी नव्हे.

ल्यूथरला वाट सापडली ती याच पत्रात. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला झोडपणारा दंडा, असं तो समजत होता. ते देवाकडून मिळणारं दान आहे हे उमगलं, तेव्हा आपल्यासाठी स्वर्गाचे दरवाजे उघडल्यासारखं वाटलं, असं त्यानं म्हातारपणी लिहिलं. पापनिवेदन त्यानं सोडलं नाही. पण 1519 मध्ये त्यावर लिहिताना भर कशावर दिला पाहा. तुझा पश्चात्ताप किती खोल आहे हे मोजत बसू नकोस, तुला क्षमा झाली हे जे शब्द कानावर पडतात त्यांच्यावर विश्वास ठेव.

त्याआधी दोन वर्षं, 1517 मध्ये, पापक्षमापत्रांच्या विक्रीवर त्यानं 95 मुद्दे मांडले होते. ती पत्रं चर्चच्या शिकवणीप्रमाणे पापाची शिक्षा कमी करत, पाप धुऊन काढत नसत. घेणाऱ्यांनी बहुधा एवढा बारकावा ऐकला नसावा.

1522 च्या जर्मन नव्या करारात त्यानं रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ’ हा शब्द घातला. माणूस केवळ विश्वासानं नीतिमान ठरतो. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. टीका झाली, तेव्हा जर्मन असंच बोलतात असं त्यानं ठणकावून सांगितलं. गंमत अशी की ‘केवळ विश्वासानं’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी एकत्र येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे पुढे ‘नव्हे’ आहे. भुतंसुद्धा देव एक आहे हे मानतात आणि थरथर कापतात, याकोब म्हणतो. तोही अब्राहामाचाच दाखला देतो.

मला हे दोघं भांडताना दिसत नाहीत. पौलासमोर आहे पुण्याची पावती घेऊन आलेला माणूस. याकोबासमोर आहे नुसतं तोंडानं ‘मानतो’ म्हणणारा.

13 जानेवारी 1547 ला ट्रेंटच्या धर्मसभेनं कॅथलिक उत्तर दिलं. विश्वास हा तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे, पण त्याला आशा आणि प्रीतीची जोड हवी. आऊग्सबुर्गमध्ये लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या परंपरेतले, आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्याला 31 ऑक्टोबर 1999 उजाडावा लागला. माणसाच्या लायकीमुळे नव्हे, कृपेनंच, ख्रिस्तावरच्या विश्वासात देव त्याला स्वीकारतो, एवढं दोघांनी एका आवाजात म्हटलं. मतभेद संपले नाहीत.

(शांतता. मग एका माणसाचा श्वास.)

एक कोडं उरतंच, आणि ते धर्मसभांच्या बाहेरचं आहे. क्षमा विश्वासानं मिळते हे पटलेला माणूस रात्री अंथरुणावर विचार करतो, माझा विश्वास पुरेसा आहे का? झालं. पापांची मोजणी गेली आणि तिच्या जागी विश्वासाची मोजणी येऊन बसली. एरफुर्टच्या मठातले सहा तास पुन्हा सुरू.

मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूसमोर उभा आहे. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे, हे ऐकून तो ओरडतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” एकाच श्वासात दोन्ही. येशू त्याला आधी विश्वास वाढवून ये म्हणत नाही. तो मुलाचा हात धरून त्याला उठवतो.

(दृश्य : आइसलेबेन. मेणबत्तीच्या उजेडात कागदाचा एक कपटा.)

18 फेब्रुवारी 1546 ला ल्यूथर वारला. दोन दिवस आधी लिहिलेली एक चिठ्ठी मागे सापडली. पवित्र शास्त्र समजणं किती अवघड आहे, याबद्दल त्यात काही ओळी आहेत. शेवटी लिहिलंय, आम्ही भिकारी आहोत, हे खरं आहे. त्यातलं ‘आम्ही भिकारी आहोत’ जर्मनमध्ये आहे आणि ‘हे खरं आहे’ लॅटिनमध्ये.