प्रेशर वाढवण्याआधी पीस बघा

मंडळी, इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबून पीस काढताना, पीसमध्ये दोष दिसला की सेटरचा, म्हणजे मशीन लावणाऱ्याचा, हात आधी प्रेशरवर जातो. ही सवय मोडायला हवी, कारण बऱ्याच दोषांचं मूळ प्रेशरमध्ये नसतंच.

सिंक मार्क घ्या. एबीएस या प्लास्टिकचं कव्हर आहे, भिंत २.५ मिमी, मागे रिब, म्हणजे मजबुतीची उभी पट्टी. दर्शनी बाजूला नेमका रिबच्या मागे खळगा पडतो. तिथे जाडी जास्त, त्यामुळे आतलं प्लास्टिक उशिरा गोठतं आणि आकसताना वरचा थर आत ओढतं. ही तूट होल्डिंगने, म्हणजे मोल्ड भरल्यावरही धरून ठेवलेल्या दाबाने, भरायची, पण गेट (प्लास्टिक पीसमध्ये शिरतं ते अरुंद तोंड) गोठेपर्यंतच. नंतर कितीही दाबलं तरी पीसपर्यंत काही पोचत नाही. आधी सोडलं तर प्लास्टिक रनरकडे, म्हणजे गेटपर्यंत आणणाऱ्या वाटेकडे, परत येतं.

गेट कधी गोठतं हे काट्यावर कळतं. होल्डिंग टाइम दोन सेकंदांपासून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवा आणि कूलिंग तेवढंच कमी करा, म्हणजे सायकल बदलणार नाही. दर वेळी काही शॉट (मशीनच्या फेऱ्या) जाऊ द्या, मग रनर तोडून फक्त पीस तोला. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. वजन वाढायचं थांबलं, ती गेट गोठण्याची वेळ. होल्डिंग त्याहून अर्धा सेकंद जास्त ठेवा. कुशन, म्हणजे दाबून झाल्यावर स्क्रूपुढे उरणारं प्लास्टिक, तेही बघा. स्क्रू शून्यावर टेकत असेल तर होल्डिंग मिळतच नाही, आणि कुशन दर शॉटला बदलत असेल तर चेक रिंग (प्लास्टिक मागे जाऊ न देणारी स्क्रूवरची कडी) झिजली आहे का ते तपासा. रिबच भिंतीएवढी जाड असेल तर मात्र सेटिंगने फार काही साधत नाही. ती भिंतीच्या ५० ते ६० टक्के, म्हणजे इथे १.२५ ते १.५ मिमी हवी. काम टूलरूमचं, म्हणजे मोल्ड दुरुस्त करणाऱ्यांचं आहे.

आता सिल्व्हर, म्हणजे पीसवरच्या चंदेरी रेघा. पॉलिकार्बोनेटचा दाणा १२० अंशांवर तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून देतो, म्हणून पावसाळ्यात तो कमी पडतो. डिह्युमिडिफाइंग, म्हणजे हवेतलाच ओलावा काढणारा ड्रायर हवा. पर्ज करून, म्हणजे प्लास्टिक मोल्डबाहेर सोडून बघा: लोंढ्यात बुडबुडे, फेस दिसला तर संशय आधी ओलाव्यावर घ्या. रेघा फक्त गेटपाशी असतील आणि सुरुवातीचा इंजेक्शन स्पीड कमी केल्यावर जात असतील, तर दोष गेटमधल्या शिअरचा, म्हणजे अरुंद वाटेतून जोरात घासत जाण्याचा. ओल्या पॉलिकार्बोनेटचं नुकसान दिसण्यापुरतं नसतं. बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीत) पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, पीस ठिसूळ होतो. असे पीस दळून पुन्हा वापरले तरी ताकद परत येत नाही. ते वेगळे काढा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

शॉर्ट शॉट (पीस अपुरा भरणं) आणि काळा डाग एकाच कोपऱ्यात दिसले, तर तिथे हवा अडकली आहे. दाबली गेलेली हवा तापते आणि प्लास्टिक जाळते. इथे प्रेशर वाढवलं की पार्टिंग लाइनवर, म्हणजे मोल्डचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅश (बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येतो, आणि त्याच फ्लॅशवर मोल्ड पुन्हा पुन्हा बंद होऊन कड कायमची दबते. शेवटच्या टप्प्यातला स्पीड कमी करा, क्लॅम्प टनेज (मोल्ड बंद धरणारा जोर) जरा उतरवा. डाग फिका पडला तर वेंट (हवा बाहेर जाण्याची फट) तुंबला आहे. तो पितळी पट्टीने साफ करा आणि खोली मोजा: एबीएससाठी साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी, पॉलिप्रॉपिलीनसाठी ०.०२ मिमीच्या आसपास.