योनाचा राग

श्रोतेहो, नमस्कार.

हिब्रू बायबलमधला योना संदेष्ट्याचा ग्रंथ अवघा चार अध्यायांचा, अठ्ठेचाळीस वचनांचा. माणूस माशाच्या पोटात गेला, एवढंच बहुतेकांच्या लक्षात असतं. मासा मात्र तीनच वचनांत येतो. मला या ग्रंथात धरून ठेवतो तो योनाचा राग.

देव म्हणतो, निनवेला जा. योना याफोच्या बंदरात जातो, पदरचं भाडं भरतो आणि उलट्या दिशेच्या गलबतात चढतो. का? निनवे म्हणजे आजच्या मोसूलसमोरचं, तैग्रिसकाठचं अश्शूरी लोकांचं शहर. याच अश्शूरींनी पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमारास योनाच्या लोकांचं, इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. ही जखम ठाऊक असली, की योनाचा पाय का अडला ते कळतं.

वादळ, मासा, सुटका आणि अखेर निनवे. तिथे त्याचा उपदेश मूळ हिब्रूत फक्त पाच शब्दांचा: चाळीस दिवसांत निनवे उलथणार. आणि शहर ऐकतं! राजा राखेत बसतो, गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. देव शिक्षा मागे घेतो.

योना भडकतो. म्हणतो, तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी पळालो होतो! दयेवर रागावलेला असा भक्त मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तो शहराबाहेर बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक रोप उगवतो. पहाटे एक किडा ते कुरतडतो, रोप सुकतं, ऊन डोक्यावर येतं, आणि योना म्हणतो, मेलेलं बरं. तेव्हा देव विचारतो: जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या रोपासाठी तू हळहळतोस. मग ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि इतकी जनावरं ज्या शहरात आहेत, त्याची मला कणव येऊ नये?

ग्रंथ इथेच संपतो. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही.

यहुदी लोक योम किप्पूरच्या, म्हणजे पापांच्या क्षमेसाठी उपवास करण्याच्या दिवशी, उपवासाच्या तिसऱ्या प्रहरी, हा ग्रंथ सबंध वाचतात. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने १७९६ साली तिथे पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. त्याचं नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार.

योनाचं वाचन झालं, की त्याला मीखा संदेष्ट्याची तीन वचनं जोडण्याची रीत आहे. त्यांत म्हटलंय, तू आमची सारी पापं समुद्राच्या तळाशी टाकशील. योना जिथून परत आला, तिथे.