पहिला डॉलर ब्रेकवर

नमस्कार मंडळी. ‘जुन्या मसल कारमध्ये (मोठ्या इंजिनाच्या वेगवान अमेरिकन गाडीत) पहिली सुधारणा कोणती करावी’ अशी आजच्या व्याख्यानाची जाहिरात झाली आहे आणि निम्म्या श्रोत्यांनी इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्ब्युरेटर, तर उरलेल्यांनी एक्झॉस्ट हे उत्तर मनाशी पक्के करूनच खुर्च्या धरल्या आहेत, हे मला इथून दिसते आहे. माझे उत्तर ब्रेक असे आहे. ते ऐकून कोणी उठून गेले तरी मी रागावणार नाही. फक्त चहा व्याख्यानानंतर आहे.

माझी गाडी १९६६ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ. डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्यांना तिची ओळख करून देणे म्हणजे पुणेकराला बाकरवडी समजावून सांगणे आहे, तरी नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. पाँटिअ‍ॅकच्याच मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन बसवण्याची युक्ती १९६४ मध्ये निघाली आणि त्यातून ही गाडी जन्मली. शौकीन मंडळी तिला लाडाने ‘गोट’ म्हणतात. या बकरीपायी आमच्या घरी कोण कापला गेला, हे बँकेचे पासबुक सांगेल. कागदावर तिची अश्वशक्ती ३३५ आहे, पण तो आकडा स्थळ सांगून येताना कळवलेल्या पगारासारखा, कपातीच्या आधीचा आहे. एअर फिल्टर, गाडीचा स्वतःचा एक्झॉस्ट, पंखा वगैरे ओझी न लावता इंजिन चाचणीच्या बाकावर मोजण्याची तेव्हा रीत होती. हातात पडणारा आकडा छापण्याची पद्धत १९७२ पासून रूढ झाली.

आता माझी तक्रार, जी ऐकून घरातली माणसे कंटाळली आहेत. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका दुकानात गेलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझे इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता, मी गाडी कशी चालवतो, यांपैकी काहीही न विचारता मिनिटाला ८५० घनफूट हवा घेणारा कार्ब्युरेटर माझ्या गळ्यात मारला. मीही इंजिनिअर असून चौथीतला गुणाकार केला नाही, ही खरी लाजेची गोष्ट. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणून ३८९ घन इंचांना मिनिटाच्या पाच हजार फेऱ्यांनी गुणून निम्मे करावे आणि एका घनफुटातील १,७२८ घन इंचांनी भागावे. उत्तर ५६३ येते. सिलिंडर प्रत्यक्षात पंच्याऐंशी टक्के भरतात असे धरले, तर पावणेपाचशेच्या आसपास हवा पुरते. मी साडेआठशेचा घेऊन आलो होतो, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला वडिलांचा सदरा चढवला होता. नळ्या जास्त रुंद असल्या की हवेचा वेग घटतो, वेग घटला की पेट्रोल ओढून घेणारा दाबातला फरक पडत नाही, आणि पाय दाबताच इंजिन उसळण्याऐवजी क्षणभर गुदमरते. माझे इंजिन गुदमरले ते डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे १९९५ पासून जवळजवळ दरवर्षी जिथे सारा गाव खुर्च्या टाकून गाड्या बघत बसतो नेमक्या त्या दिवशी. दिवा हिरवा झाला, मी पाय दाबला, गाडी खोकली आणि बंद पडली. फुटपाथवरच्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे कंपनीचाच कार्ब्युरेटर परत बसवला, ठिणगीचे टायमिंग नीट लावले, आणि पिकअप असा सुधारला की मी ते सौभाग्यवतींना दाखवायला निघालो. ताशी सत्तर मैलांवरून गाडी जवळजवळ थांबवायची, पुन्हा वेग घ्यायचा, असे तीनदा केले. पहिल्यांदा ब्रेक चांगले लागले. दुसऱ्यांदा लायनर जळल्याचा वास आला, जो आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी एस.टी.तून घाट उतरताना घेतला आहे. तिसऱ्यांदा पेडल खाली खाली गेले आणि गाडी थांबण्याची रेघ ओलांडून चौकाच्या मध्यावर उभी राहिली. बाजूने आवाज आला, ‘अहो, हिला पळवायला एवढा खर्च केलात, थांबवायला किती केलात?’

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि मूळ विषय अजून निघायचा आहे, तेव्हा भराभर सांगतो. वेग साठावरून सत्तर मैलांवर गेला की गतिज ऊर्जा छत्तीस टक्क्यांनी वाढते आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. माझ्या गाडीत आहे तसा ड्रम, म्हणजे आतून लायनर घासून थांबवायचे चाकातले भांडे, तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, तर डिस्क, म्हणजे दोन पॅडांच्या चिमट्यात धरून थांबवायची तबकडी, तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते आणि उघड्या हवेत लवकर निवते. शिवाय १९६६ च्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच वाट आहे. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. १९६७ पासून या गाडीला दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वेगवेगळ्या वाटांनी ऑइल ढकलणारा पंप, आला आणि पुढच्या चाकांसाठी डिस्कचा पर्याय निवडता येऊ लागला. म्हणून आधी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क बसवा. मात्र ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर राहिली तर पॅड घासत राहतात. मूळ १४ इंची रिममध्ये पॅड धरणारा कॅलिपर मावतो का, हेही पैसे देण्याआधी मोजा.

त्यानंतर ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. त्यानंतर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा गिअरसंच: ३.२३ च्या जागी ३.९० या प्रमाणाचे गिअर टाकले की चाकावरचा जोर एकवीस टक्क्यांनी वाढतो, पण २६ इंची टायरवर पासष्ट मैलांना इंजिनाच्या २,७०० फेऱ्यांच्या जागी पावणेतेहतीसशे होतात, म्हणजे शिकागोपर्यंत गप्पा मारत जायचे असेल तर हा नाद सोडा. इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, सर्वांत शेवटी, कारण झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा तिखट कॅम बसवला की इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो आणि पेडलला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर नेमका त्याच व्हॅक्यूमवर चालतो. हेडर्सबद्दल, म्हणजे एक्झॉस्टच्या खास नळ्यांबद्दल, बोलायला वेळ उरलेला नाही, आणि तसे बोलण्यासारखे फार काही नाहीही.

तो साडेआठशेचा कार्ब्युरेटर अजून गॅरेजच्या फळीवर आहे. साडेचारशे घन इंचांहून मोठे इंजिन कोणाकडे असेल, तर त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे.